सुपाऱ्यांची चौकशी

गोदाकाकूंच्या पानाच्या डब्यातल्या वस्तू आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी पूजा होती आणि गणपती म्हणून बसायचा मान डब्यातल्याच एका सुपारीला मिळणार होता. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, की यातली एक सुपारी आतून किडकी आहे.

अडकित्ता लगेच चौकशीला बसला. "धर्माचं काम आहे," तो म्हणाला. "कीड आत असते, तेव्हा आत बघावंच लागणार." त्याने पहिली सुपारी पात्यांत धरली. कटकन आवाज झाला. "निर्दोष," तो आदराने म्हणाला आणि दुसरी घेतली. तीही निर्दोष निघाली, दोन तुकड्यांत.

असं करत एकच सुपारी उरली. ती घाईघाईने म्हणाली, "मीच किडकी आहे, कबूल करते. मला फेकून द्या."

"कबुली खरी आहे की भीतीपोटी दिलेली, हे तपासायला नको का?" अडकित्त्याने विचारलं आणि तपासलं. तीही निर्दोष निघाली.

सकाळी काकूंनी डबा उघडला. पूजेला अखंड सुपारी लागते, आणि डब्यात नुसती खांडं.

"एकही किडकी नव्हती, काकू," अडकित्ता अभिमानाने म्हणाला.

"मग आता पूजेला काय बसवू," काकू म्हणाल्या, "तुझं कपाळ?"