चावडीवर निवडलेला चाकू

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि माणसांत शहाणपण आजच्याइतकंच कमी होतं.

एका मोठ्या नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक. अलीकडच्या लेकी पलीकडे नांदायला जात आणि पलीकडच्या अलीकडे येत. बाजार पलीकडे भरे, वैद्य अलीकडे राही. येणंजाणं रोजचं होतं, आणि हेवादावाही रोजचाच.

नदी ओलांडायला एकच नाव होती. या काठावरच्या वडापासून त्या काठावरच्या उंबरापर्यंत एक जाड दोरखंड ताणून बांधला होता. त्या दोरखंडात एक लोखंडी कडं होतं, आणि त्या कड्याला एका आखूड दोराने नाव बांधलेली असे. नावाडी वल्हं मारी, कडं दोरखंडावरून सरकत जाई, आणि पाण्याला कितीही ओढ असली तरी नाव वाहून जात नसे.

भीती एकाच गोष्टीची होती. पुरात एखादं झाड वाहत आलं आणि नावेत गुंतलं, तर पाणी वरून रेटतं, दोर सोडत नाही, आणि नाव तिरकी होऊन भरते. अशा वेळी तो आखूड दोर तोडायचा. सुटलेली नाव वाहत जाते आणि खालच्या वळणावर वाळूला लागते. बांधलेली नाव बुडते. हे त्या नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच नावाड्याच्या कमरेला कायम चाकू असे.

चाकू घडीचाच लागे. नदी म्हणजे आई, आईच्या अंगावर उघडं पातं न्यायचं नाही, असा दोन्ही गावांचा रिवाज होता. तेव्हा चाकू मोठा हवा, दोन बोटं जाड दोर कापणारा हवा, पण मिटलेला हवा. वेळ आली तरच उघडायचा.

एका साली जुना चाकू झिजून झिजून कडुनिंबाच्या पानाएवढा उरला. पाऊसकाळ तोंडावर होता. तेवढ्यात एक फिरस्ती लोहारीण बैलगाडी घेऊन अलीकडच्या गावात आली. बाई वयाने उतरलेली, पण हातात कसब असं की तिचं पातं एकदा घेतलं की नातवापर्यंत पुरे. तिने चावडीवर फडकं अंथरलं आणि त्यावर दोन मोठे घडीचे चाकू ठेवले.

एकाची मूठ काळ्याभोर शिंगाची होती. तिच्यावर पितळी हत्ती बसवला होता, सोंड वर केलेला. पातं मुठीत घट्ट बसलेलं, आणि ते काढायला कडेला नखापुरती बारीक खाच. दुसऱ्याची मूठ बाभळीची, रंग ना रूप. त्याच्या पात्याच्या मुळाशी अंगठा जाईल एवढं भोक होतं. जणू पात्याला चुकून छिद्र पडलंय.

"हा मानाचा," लोहारीण शिंगाच्या चाकूकडे बोट करून म्हणाली, "लग्नात मिरवायला, पावण्याला नजराणा द्यायला. आन् ह्यो कामाचा. दोनातला कंचा बी घ्या, पन येकच. दुसरा म्होरच्या गावाला न्यायचाय."

आता निवड करायला कोण बसलं? पाटील बसले. पाटलांच्या शेजारी चार जाणती माणसं बसली. त्यांतल्या एकानेही उभ्या जन्मात वल्हं हातात धरलं नव्हतं. पण चावडीवर बसलं की माणसाला सगळं कळतं.

मग पारख सुरू झाली. एकाने ऊस तोडून पाहिला. एकाने मनगटावरचे केस काढून पाहिले. एका म्हाताऱ्याने सुपारी फोडून पाहिली. नावेवर सुपारी फोडायची वेळ कधी येणार होती, ते त्यालाच ठाऊक! आणि हे सगळं मांडी घालून, कोरड्या हातांनी, दोन्ही हात लावून.

लोहारीण हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"पाटील, चाकू असा बसून उघडू नगा. येक हात पाठीमागं धरा, दुसरा पान्यात बुडवा, आन् मग उघडून बगा."

सगळे हसले. "बाई, तू चाकू कर. पारख आमच्यावर सोड," पाटील म्हणाले.

"सोडली," ती म्हणाली. "उद्या दुपारपातुर माझी गाडी शिवेवर हाय. मन फिरलं तर या."

आणि नावाडी कुठे होता? तो पायरीखाली, वहाणांपाशी उभा होता. बाकीच्यांचं बघून झाल्यावर दोन्ही चाकू लोहारणीकडे द्यायला म्हणून त्याच्या हातात आले. बाभळीचा चाकू त्याने धरला मात्र, अंगठा आपोआप भोकात गेला आणि पातं एका हाताने उघडलं. शिंगाचा धरला, तर नख खाचेत गेलं खरं, पण दुसऱ्या हाताशिवाय पातं हलेना. डोक्याच्या आधी हाताला कळलं. त्याने बोलायला तोंड उघडलंही.

"शिंगाचा ठरला!" पाटील म्हणाले. "आपला नावाडी पलीकडच्या काठाला उतरला, की त्या गावाने हत्तीकडे बघत राहिलं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नावाड्याने तोंड मिटलं.

तिन्हीसांजेला तो घरी आला. बायकोने चाकू हातात घेतला, उलटसुलट केला. ती नावाड्याचीच लेक आणि नावाड्याचीच बायको. तिला हत्ती दिसला नाही, खाच दिसली.

"येका हातानं उघडून दावा," ती म्हणाली.

त्याने प्रयत्न केला. नख घसरलं. पुन्हा केला. मग दुसरा हात लावला आणि पातं उघडलं.

"दोन हात लागत्यात येवढंच," तो म्हणाला. "बाकी पोलाद झकास हाय."

"पुरात येक हात वल्ह्यावर असतो की न्हाई? सोडलं वल्हं, तर नाव आडवी व्हती. मंग दुसरा हात कुठनं आननार हाईसा? शेजाऱ्याचा?"

तो चाकू मिटू लागला.

"तुमाला चावडीवर कळलं व्हतं का?"

"कळलं व्हतं."

"मंग बोलला का न्हाईसा?"

"थोरामोठ्यांम्होरं काय बोलायचं? मला कुनी इचारलं न्हाई."

"नदी बी इचारनार न्हाई," ती म्हणाली. "सकाळी जावा आन् पाटलांना सांगा. लोहारीन अजून शिवेवर हाय."

सकाळी तो खरोखरच निघाला. वाटेत चार वेळा त्याने मनात वाक्य जुळवलं. 'पाटील, हा चाकू एका हाताने उघडत नाही, बदलून घेऊ.' एवढंच बोलायचं होतं. पुढे जे घडलं ते सगळं या एका वाक्यावर टांगलेलं होतं, हे, मुलांनो, तुम्ही लक्षात ठेवा, आणि तुमच्या आजोबांनाही ठेवायला सांगा.

पाटील ओसरीवर घोंगडीवर बसले होते, भोवती कालचेच जाणते. नावाडी अंगणात उभा राहिला. त्याच्या बापाने त्या अंगणातच उभं राहून जन्म काढला होता, आणि आज्यानेही.

"अरे, ये की! वर ये," पाटील म्हणाले. "असा बस. घोंगडीवर बस."

नावाडी बिचकला. मग बसला, अगदी कडेला. पाटलांनी स्वतःच्या हाताने विडा लावून त्याला दिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"गावाची शान आता तुझ्या कमरेला आहे बरं का! काय काम काढलंस?"

जाणते कौतुकाने बघत होते. घोंगडी मऊ होती. विड्यात वेलदोडा होता. नावाड्याने वाक्य तोंडात आणलं आणि विड्याबरोबर गिळलं.

"काय न्हाई, पाटील. चाकू लई ब्येस हाय, तेच सांगाया आलो व्हतो."

दुपारी लोहारणीची गाडी शिवेवरून हलली. बायकोने विचारलं, "बोललासा?"

"बोललो," तो म्हणाला. "म्हनाले, म्होरच्या साली बगू."

हे पहिलंच खोटं तो तिच्याशी बोलला होता, म्हणून तिने ते खरं मानलं.

भाद्रपदातला बाजाराचा दिवस होता. गावावर आभाळ स्वच्छ होतं. पाऊस वर डोंगरात पडला होता, आणि त्याचं गढूळ पाणी खाली येऊ लागलं होतं. नावेत चौदा माणसं बसली. त्यात नावाड्याची बायको होती, बाजाराला दोडक्यांची पाटी घेऊन निघालेली. नावाडी पंधरावा.

नाव मध्यावर आली आणि वरून अर्जुनाचं अख्खं झाड मुळांसकट आलं. मुळ्या नावेच्या काठात गुंतल्या. नाव थांबली, थरथरली आणि एका अंगाला कलू लागली. माणसं ओरडायला लागली. कुणी देवाला हाका मारल्या, कुणी पोरांना छातीशी धरलं.

नावाड्याने उजव्या हाताने आणि छातीने वल्हं दाबून धरलं. डाव्या हाताने कमरेचा चाकू काढला. हात ओला होता. नख खाचेत घातलं, घसरलं. पुन्हा घातलं, पुन्हा घसरलं. पाणी नावेत यायला लागलं.

"आणा हिकडं!" बायको माणसांना ओलांडत आली आणि तिने चाकू हिसकावला. तिचे दोन्ही हात मोकळे होते, पण शिंगाची ओली मूठ माशासारखी निसटत होती. नख मुळापासून उलटलं. तेव्हा तिने पातं दातांत धरलं आणि मूठ दोन्ही हातांनी ओढली. पातं उघडलं. तोंडातून रक्त आलं. ती तशीच दोराला भिडली आणि कापू लागली.

दोर तुटला. लोहारणीचं पोलाद खोटं नव्हतंच. पण तोवर नाव निम्मी भरली होती. दोर तुटताच ती सुटली नाही, उलटली.

पाच माणसं वाळूला लागली. त्यात नावाडी होता. त्याची बायको तिसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडली. तिच्या दोन्ही ओठांना पात्याची चीर होती. नावाडी त्या ओठांकडे बघत राहिला, आणि लोकांनी उठवेपर्यंत उठला नाही.

दहा चिता विझल्यावर, पलीकडचे लोक लांबचा वळसा घालून आले आणि चावडीवर दोन्ही गावं जमली. पाटील उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला होता.

"त्या लोहारणीने दगा दिला! असला चाकू आपल्या गळ्यात मारला! तिला शोधून आणा!"

तेव्हा पायरीखालून नावाडी बोलला. चावडीवर तो पहिल्यांदाच बोलत होता.

"लोहारनीनं दगा दिला न्हाई. ती बोलली व्हती. तुमी हासला. चाकू हातात घेतला तवाच मला कळलं व्हतं, ह्यो येका हातानं उघडत न्हाई."

पाटलांचा चेहरा उतरला. "मग बोलला का नाहीस?"

"पयल्या दिशी तुमी इचारलं न्हाई म्हून. दुसऱ्या दिशी त्येच सांगाया आलो व्हतो. तुमी घोंगडीवर बसवलंत. पाठीवर हात ठिवलात. मला ग्वाड वाटलं, पाटील. आन् घरी जाऊन मी तिला सांगितलं, की बोललो म्हून."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिचा एकुलता एक मुलगा त्या नावेत होता. तिने आधी पाटलांकडे पाहिलं, मग नावाड्याकडे.

"येकाला मान मिरवायचा व्हता," ती म्हणाली, "आन् येकाला मान घ्यायचा व्हता. तुमा दोघांचं भागलं. मेली ती आमची मानसं."

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

पाटलांनी त्या दिवशी पागोटं उतरवलं. ते त्यांना पुन्हा घालायला कुणी सांगितलं नाही. नावाड्याला गावाने हाकललं नाही, मारलं नाही. फक्त वाळूतून ओढून आणलेल्या त्याच्या नावेत पुन्हा कुणी पाय ठेवला नाही, आणि वल्हं हाती घ्यायला दुसरा कुणी पुढे आला नाही. तो रोज काठावर येऊन बसे, आणि माणसं त्याच्या समोरून, दोन दिवसांचा वळसा घालून, डोंगराकडच्या उथळ उताराने पलीकडे जात. त्या वळशात एक बाळंतीण वाटेवरच गेली. वैद्य वेळेवर पोचला नाही म्हणून दोन म्हातारे गेले. पलीकडे दिलेल्या लेकींचं माहेर तुटलं. हे सगळं त्याला काठावर बसून ऐकू येई, आणि तो फार वर्षं जगला.

तात्पर्य : हत्यार निवडताना ते चालवणाऱ्या हाताला आधी विचारावं, आणि ज्याच्या हाताला खरं कळलं आहे, त्याने कुणी विचारलं नाही म्हणून किंवा कुणी मान दिला म्हणून गप्प बसू नये.