आम्रलवणवैभव

चिपळूणच्या इंदुमतीकाकू लोणच्यांवर ब्लॉग लिहायच्या, पण वाचायला कुणी फिरकत नसे. एक दिवस ब्लॉगगुरू म्हणवणारे सरपोतदार घरी आले.

"ब्लॉग माझ्या ताब्यात द्या. मी निवडलेले शब्द शोधले, की तुमचा लेख सगळ्यांत वर." त्यांनी काकूंच्याच एका लेखातला 'आम्रलवणवैभव' हा शब्द फोनवर शोधून दाखवला. लेख खरोखरच पहिला आला.

काकूंना यात काहीतरी काळंबेरं वाटलं. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरच्या लोणच्याला बुरा आला, तर फोनवर काय शोधाल?"

"लोणच्याला बुरा का येतो," सरपोतदार बोलून गेले.

"मग मी लेखात हेच शब्द घालते," काकू म्हणाल्या. "तुमच्या शर्यतीत मी पहिली आले खरी, पण धावत होते एकटीच."