झोपेचा कर्ता

“पण गुडाकेश हे नाव एकट्या अर्जुनालाच का शोभावे, स्वामी? ज्याने निद्रा जिंकली, त्याला ते का मिळू नये?”

अच्युताश्रमस्वामी पारावर बसून तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळीत होते आणि फुंकर घालून बी वेगळे करीत होते.

विचारणारा हयग्रीव हा मठातला व्याकरणाचा पंडित. आज त्याला संन्यासदीक्षा मिळायची होती. कावेत बुडवलेली भगवी छाटी दोरीवर टाकली होती. ती वाळली, की विधीला आरंभ. दीक्षेबरोबर मिळणारे नाव मात्र त्याने आपणच योजून ठेवले होते, आणि त्या नावासाठी कित्येक रात्री जमिनीला पाठ टेकू दिली नव्हती.

“जिंकलीस?” स्वामींनी विचारले.

“जिंकली. शेंडी खुंटीला बांधून बसलो.”

“तरीच काल आमटीत दोनदा मीठ पडले.”

“ते… चित्त अन्यत्र होते.”

“आमची जीभ तिथेच होती, शास्त्रीबुवा.”

हयग्रीव ओशाळला, पण माघार घेणे त्याच्या स्वभावात नव्हते.

“देहाचे लाड पुरवायचे तरी किती? पशुपक्ष्यांनी झोपावे हे ठीक. साधकानेही झोपावे? निद्रा हा निव्वळ तमोगुण. त्याला प्रमाण असे, की…”

प्रमाण अगदी ओठांवर होते. ते नेमके आठवावे म्हणून त्याने क्षणभर डोळे मिटले…

उघडले, तेव्हा पारावरचे ऊन पायऱ्या उतरून अंगणात गेले होते. मंजिऱ्यांची रास संपली होती. त्याच्या अंगावर स्वामींची धाबळी होती, आणि दोरीवरची छाटी कोरडी ठणठणीत होऊन वाऱ्यावर फडफडत होती.

तो धडपडून उठून बसला.

“मी झोपलो नव्हतो, स्वामी.”

“बरे.”

“जरा डोळा लागला, इतकेच.”

“कोणी लावला?”

हयग्रीव अंगावरची धाबळी आवरू लागला.

“वाक्य पुरे कर,” स्वामी म्हणाले. “मला भूक…”

धुळाक्षरे गिरवणाऱ्या पोराला विचारावे तसे हे विचारणे त्याला झोंबले. “लागली.”

“मला झोप…”

“लागली.”

“मला जाग…”

“आली.”

“कर्ता कोण?”

“भूक. झोप.” तो थबकला. “जाग.”

“आणि तू?”

“मी… मला. चतुर्थी विभक्ती.” आता तो आपल्या प्रांतात आला होता, आवाज आपसूक चढला. “कारक संप्रदान. संप्रदान म्हणजे ज्याला काही दिले जाते…”

इतकी वर्षे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलेली ती व्याख्या त्याच्या कानांवर जणू प्रथमच पडली होती.

स्वामी उठले. त्यांनी दोरीवरची छाटी काढली. हयग्रीवाने दोन्ही हात पुढे केले.

स्वामींनी छाटीची नीट चौघडी घातली आणि ती पारावर, त्याच्या उशाला ठेवली.

“झोप.”

“आणि दीक्षा?” हयग्रीवाचे हात अजून पसरलेलेच होते. “माझे नाव?”

स्वामींनी धाबळी त्याच्या खांद्यांपर्यंत ओढली.

“ज्याला जाग येईल, त्याला विचारू.”