प्रतीक्षा : निरंक

एकदा एका विद्यापीठात एक वृद्ध संख्याशास्त्रज्ञ होते. सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात बसून ते शासनाच्या योजनांची आकडेवारी तपासत. निवृत्तीचे वय केव्हाच उलटले होते, तरी केंद्राने त्यांना व्हरांड्याच्या टोकाची एक खोली ठेवू दिली होती. दाराबाहेर घंटीचे बटण होते. घंटी मात्र कित्येक वर्षे वाजत नव्हती. हे सर्वांना ठाऊक होते, आणि ती दुरुस्त करणे हे कोणाचेच काम नव्हते.

त्यांच्या हाताखाली कालिंदी नावाची एक शिष्या होती. गावोगावहून आलेली माहिती स्वच्छ करायची, तिची कोष्टके मांडायची, नकाशे रंगवायचे, हे तिचे काम. मुलगी तल्लख होती, कष्टाळू होती. दोष म्हणायचा तर इतकाच, की रिकामा रकाना तिला बघवत नसे.

त्या वर्षी आरोग्य खात्याने केंद्राला एक प्रश्न विचारला. डोंगरातल्या तळावर एक रुग्णवाहिका उभी असे. ती तिथेच ठेवावी, की खाली तालुक्याच्या गावी आणावी? जिथल्या लोकांना गाडीची अधिक वाट पाहावी लागते तिथे गाडी द्यावी, असे ठरले. निकष न्याय्य होता. मीही तिथे असतो तर मान डोलावली असती.

सर्वेक्षण झाले, त्यासाठी कालिंदीही काही गावे हिंडली. पहिला प्रश्न होता, 'गेल्या वर्षात रुग्णवाहिका बोलावली का?' उत्तर 'नाही' आले, तर पुढचे प्रश्न सोडून द्यायचे, आणि त्या पुढच्या प्रश्नांतच वाट किती वेळ पाहिली हे विचारलेले होते. तालुक्याच्या गावातले रकाने मिनिटांनी भरून आले. डोंगरातल्या गावांचे रकाने रिकामे आले.

खात्याची संगणकप्रणाली रिकामा रकाना स्वीकारत नसे. तेव्हा कालिंदीने तेच केले जे आपल्याकडे प्रत्येक कचेरीत करतात. कळवण्यासारखे काही नसले की लिहायचा तो सभ्य शब्द तिने सगळीकडे लिहिला, 'निरंक'. संगणकाने निरंकचे शून्य केले. शून्य मिनिटे वाट. नकाशात जिथे वाट कमी तिथे हिरवा रंग गडद, त्यामुळे सारा डोंगरपट्टा गर्द हिरवा झाला.

तिने नकाशा गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला.

"या डोंगरात मी हिंडलोय," ते म्हणाले. "इतकं हिरवं तिथे श्रावणातसुद्धा नसतं गं."

ती हसली. सरांची थट्टा तिच्या सवयीची होती. "सर, उद्या दुपारी अहवाल खात्याकडे जायचाय. तुमची सही तेवढी राहिलीय."

"सकाळी दहाला ये. मी खोलीतच असेन."

दुसऱ्या दिवशी ती दहाला आली. दार आतून बंद. तिने घंटीचे बटण दाबले, मग आपणच ओशाळून हात मागे घेतला. सर कामात असतील, उघडतील, असे म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली. अकरा वाजले. कार्यालयातले जोगळेकर कागदांचा गठ्ठा घेऊन जाता जाता म्हणाले, "काय कालिंदीताई, वर्गाबाहेर उभं केलंय का? अंगठे धरायला नाही ना सांगितलं?" ती कसनुसे हसली. बारा वाजले. खात्यातून फोन आला. तिने "निघतेच आहे" म्हणून सांगितले. पाय दुखू लागले. दार ठोठावावे असे अनेकदा मनात आले, पण सरांच्या दारावर थापा मारायच्या हे तिच्या हातून होईना.

एक वाजता दार उघडले. गुरुजी आतच होते.

"अरे, तू? केव्हा आलीस?"

"सर, दहापासून उभी आहे मी!"

"असं कसं होईल? घंटी तर वाजली नाही."

"घंटी बंद आहे सर! किती वर्षं बंद आहे!"

"ते मला काय सांगतेस? घंटी वाजली नाही, म्हणजे कोणी आलं नाही. तुझी प्रतीक्षा निरंक."

कालिंदीचे डोळे भरून आले. आधी संतापाने आले. या माणसाचे वय झाले, असेही तिच्या मनात येऊन गेले. ती काही बोलणार इतक्यात तो शेवटचा शब्द तिच्या कानात पुन्हा वाजला, आणि ती थांबली.

तिला सर्वेक्षणाच्या वेळची एक बाई आठवली. सुनेला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी डोंगर उतरवला होता, हे ती सहज सांगत होती. कालिंदीने विचारले होते, "मग गाडीला फोन का नाही केला मावशी?" बाई हसली होती. "फोन? रेंज धरायला त्या वरच्या टेकाडावर चढावं लागतंय. तिथवर चढायचं, तेवढ्यात निम्मा डोंगर उतरून होतोय की!" कालिंदीने मान हलवली होती, 'नाही' या उत्तरावर खूण केली होती आणि नियमाप्रमाणे पुढचे प्रश्न सोडून दिले होते. तिने हे दारातच गुरुजींना सांगितले.

"बस," गुरुजी म्हणाले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "मी आत होतो. तुझी सावली दाराच्या फटीतून दिसत होती. ज्याची हाक पोहोचायची सोयच नाही, त्याच्याबद्दल आपण लिहितो की त्याने हाक मारली नाही. इथवर फार तर चूक म्हणता येईल. पण मग त्याच्या नावापुढे शून्य लिहून त्याला सुखी माणसांत बसवतो, आणि त्याच्या वाट्याचं उचलून दुसरीकडे नेतो. निरंक म्हणजे काही घडलं नाही. रिकामं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. या दोन शब्दांमध्ये तुझ्या त्या मावशीची सून झोळीत पडलेली आहे."

कालिंदीने अहवाल परत घेतला. तिने डोंगरपट्ट्यातली सगळी शून्ये पुसली आणि नकाशात तिथे पांढरा रंग ठेवला. खाली एक वाक्य लिहिले : 'येथील प्रतीक्षा मोजता आलेली नाही, ती सर्वाधिक असण्याचा संभव आहे.' मग दोघे मिळून खात्यात गेले.

तिथले अधिकारी गुरुजींचेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला, गुडघेदुखीची चौकशी केली. मग नकाशा पाहिला.

"हे पांढरं काय आहे सर? शाई संपली की काय विद्यापीठाची?"

कालिंदीने समजावून सांगितले. फोनची रेंज, टेकाड, झोळी, सगळे सांगितले. अधिकाऱ्यांनी लक्षपूर्वक ऐकले, मधे एकदा "अरेरे" म्हणाले. ते मनापासून होते.

"मॅडम, तुमचं सगळं पटतं मला. पण पांढऱ्याचं मी करू काय? प्रणाली रिकामा रकाना घेत नाही, फाइल माझ्याकडेच परत येते. आणि वर विचारतील, मागणी कुठे आहे? तालुक्याच्या लोकांनी बोलावल्याची नोंद आहे. यांनी बोलावलेलंच नाही."

"बोलावता येत नाही म्हणूनच तर..."

"ते खरं हो. पण त्याची नोंद दाखवा ना मला!"

गुरुजींनी कप बाजूला सारला. चहा निवून गेला.

पुढच्या महिन्यात रुग्णवाहिका तालुक्याच्या गावी आली. तिथली वाट खरोखरच कमी झाली. त्या लोकांचे भले झाले, हेही सांगितले पाहिजे. अहवाल छापून आला तेव्हा नकाशातला पांढरा भाग पुन्हा हिरवा होता. खात्यात कोणीतरी, बहुधा कालिंदीसारख्याच कोणा कष्टाळू मुलीने, रिकाम्या रकान्यांत निरंक भरले होते. पहिल्या पानावर केंद्राचे आभार होते.

कालिंदी ते पुस्तक घेऊन गुरुजींकडे गेली. या वेळी तिने दार ठोठावले, जोराने.

"सर, आपण चूक शोधली, दुरुस्त केली, जाऊन सांगितलं. काहीही झालं नाही. मग त्या दिवशी मला तीन तास उभं करून काय मिळवलंत?"

गुरुजींनी नकाशावर हात फिरवला.

"मी आयुष्यभर या मुलांना शिकवलं," ते म्हणाले. "चहा पाजणारा तो माझाच. 'नोंद दाखवा' हे वाक्य त्याने माझ्याच वर्गात ऐकलं. पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे. आता तेच माझ्यापुढे येऊन उभं राहिलं, तर मी त्याला काय सांगणार?"

"मग हे काम सोडून द्यायचं का?"

"ते मला कळत नाही गं. मला वाटलं होतं, तुला दाराबाहेर उभं करून मी काही शिकवतोय. पण आत बसून तुझी सावली बघताना दुसरंच लक्षात आलं. फार सोपं होतं ते. मला काहीच करावं लागत नव्हतं. खुर्चीवरून उठायचं नाही, एवढंच. आणि माझ्याजवळ कारणसुद्धा चांगलं होतं." त्यांनी दाराकडे पाहिले. "ज्याला दार उघडलं नाही, त्याला आतल्या माणसाचं कारण चांगलं होतं की वाईट, याने काय फरक पडतो?"

कालिंदीने पुस्तक टेबलावर ठेवले आणि समोरच्या खुर्चीत बसली. मग गुरुजी उठले, सावकाश दारापर्यंत गेले आणि त्यांनी ते सताड उघडले. व्हरांडा मोकळा होता. दाराला टेकू म्हणून त्यांनी ते नवे कोरे पुस्तकच लावले.

ही गोष्ट मी जशी ऐकली तशी सांगितली. तिच्यातून काय घ्यावे याची मला खात्री नाही. इतकेच म्हणता येईल, की आपल्या कागदावरचे शून्य पाहून समाधान वाटले, तर उठून एकदा दार उघडावे. बाहेर कोणी असेलच असे नाही. बहुधा वाट पाहून ते केव्हाच निघून गेलेले असते.