पेवातला नंदादीप

“इरण्णाला तुम्हीच मारलंत की नाही, आप्पा?”

मठाच्या ओसरीवर बसलेली सगळी म्हातारी माणसं चपापली. एकाच्या हातातली जपमाळ थांबली.

आप्पा मठाचे स्वामी. विचारणारा मल्लू त्यांचाच शिष्य. पॉलिटेक्निक अर्धं टाकून आलेला, भाऊ इरण्णा मेल्यावर मठात राहिलेला.

“तोंड सांभाळ रे,” एक म्हातारा म्हणाला. “गुरूशी बोलतोयस.”

“गुरूशीच बोलतोय. तुमच्याशी न्हाई.”

आप्पांनी अंगाऱ्याची वाटी जवळ ओढली.

या गावात हळद पेवात साठवतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. ते बरेच महिने बंद राहिलं की आतली हवा मरते. म्हणून उघडल्यावर आधी पेटता कंदील सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. पोराटोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट.

इरण्णाच्या वेळी कंदिलात रॉकेल नव्हतं. आणायला जायचा सगळ्यांना कंटाळा. मठ जवळ होता. आप्पांनी अंगाऱ्याची पुडी दिली.

इरण्णा कपाळाला अंगारा लावून उतरला. बाहेर काढला, तेव्हाही अंगारा कपाळाला तसाच होता.

“तुम्ही आईला काय सांगितलंत?” मल्लूनं विचारलं. “आठवतंय?”

“वेळ भरली होती,” आप्पा म्हणाले.

“आणि शिंत्र्यांची सून मोटर चालू करताना चिकटली, तेव्हा?”

“...तेच.”

“वेळ नव्हती भरली, आप्पा. वायर उघडी होती. कोष्ट्यांचं पोरगं विहिरीत गेलं, तिला कठडा नव्हता. ट्रॉलीखाली गुरव गेला, ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. या गावात म्हातारपणानं मरतं कोण? ही ओसरीवरची एवढीच!”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण पुटपुटला, “शिक्षण अर्धं राहिलं की असं होतं.”

“तुमचं पुरं झालं होतं ना? मग कठडा का न्हाई बांधला?”

अशा वेळी म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं.

तेवढ्यात हळदीच्या व्यापाऱ्याचा, चौगुल्यांचा मुकादम धावत आला. मठामागचंच पेव फोडलं होतं.

“आप्पा, अंगारा द्या लवकर. माणूस दोर बांधून उभा आहे.”

आप्पांचा हात सवयीनं अंगाऱ्याच्या वाटीकडं गेला. मल्लू त्या हाताकडं बघत राहिला.

हात थांबला...

“कंदील सोडला का?”

“कशाला, आप्पा?” मुकादम हसला. “तुमचा अंगारा असताना? शिवाय ट्रक खोळंबलाय. चौगुले माझ्या नावानं ओरडायला लागलेत.”

आप्पा उठले. गाभाऱ्यात गेले.

तिथं साखळीला नंदादीप टांगलेला. आप्पांच्या गुरूंच्या गुरूंनी लावलेला. महापुरात मठात पाणी शिरलं, तेव्हा शिष्यांनी तो डोक्यावर धरून जपला होता. कधी विझला नव्हता.

आप्पांनी तो साखळीसकट काढला.

“आप्पा!” म्हातारे ओरडले. “अखंड आहे तो! आप्पा!”

गुडघे धरून बसणारी माणसं त्या दिवशी पळाली. एकानं आप्पांचं उपरणं ओढलं. उपरणं त्याच्या हातात राहिलं. आप्पा पुढं गेले.

पेवाच्या तोंडाशी बाळू नावाचा हमाल बसला होता. एक पाय आत सोडलेला. हात जोडून म्हणाला, “अंगारा, आप्पा.”

“पाय बाहेर घे.”

आप्पांनी साखळीला दोर बांधला. दिवा आत सोडला. पिवळा उजेड भिंतीवरून खाली सरकत गेला.

सगळे वाकून बघत होते.

उजेड बारीक झाला.

गेला.

बाळूनं कंबरेचा दोर सोडला.

आप्पांनी दिवा वर ओढला. वातीला धूरसुद्धा नव्हता.

मग रडारड झाली. म्हातारे मातीत बसून रडले. इरण्णाच्या मयताला जे आले नव्हते, तेही रडले. बाळूला कुणी पाणी विचारलं नाही. चौगुले आले आणि म्हणाले, “मठ बाटवला या माणसानं.” मठाचे पंच तिथंच उभ्या उभ्या बोलले. दिवस मावळायच्या आत आप्पांनी गादी सोडायची, असं ठरलं. इतक्या झटपट या गावात कुठलंच काम कधी झालं नव्हतं.

सगळे पांगले. पेवाजवळ आप्पा, मल्लू आणि तो दिवा राहिला.

मल्लूला वाटलं होतं, आप्पांची गादी जाईल त्या दिवशी आपल्याला बरं वाटेल.

“काय म्हणायचं आता, आप्पा?” तो म्हणाला. “दिव्याची वेळ भरली होती?”

आप्पांनी बोटानं वात चाचपली.

“नाही. खाली हवा नव्हती.”

त्यांनी दिवा उचलून मांडीवर घेतला.

“तुझा भाऊ उतरला, तेव्हा हा गाभाऱ्यात नीट जळत होता.”