बाई पुरे म्हणेपर्यंत

एका गावात एक भोळा शिंगवाला होता. त्याचं नाव सटवाजी. भोळा म्हणजे किती, तर सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. त्याच्या बायकोला, हौसाबाईला, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे कळलं होतं. तेव्हापासून ती जपून बोलायची. पण गावाला कुठली एवढी सवड.

चैत्रात भैरोबाची जत्रा भरायची. पालखी गावाला वळसा घालून देवळात यायची आणि तिच्यापुढे सटवाजीचं शिंग. शिंग वाजतंय तोवर पालखी चालायची. शिंग दहा पावलं गप्प राहिलं की पालखी तिथेच टेकायची, आणि टेकेल तिथे देवाचा वर्षभर मुक्काम. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती. सटवाजीच्या आज्याने आणि बापाने देवाला कधी देवळाबाहेर राहू दिलं नव्हतं.

सटवाजी मात्र दिवसाला विड्यांची दोन बंडलं ओढायचा. गेल्या जत्रेत अर्ध्या वाटेवर त्याचं शिंग फुस्स झालं. तो खोकत खाली बसला आणि पालखी टेकली ती नेमकी धोंडीबाच्या गोठ्यात. वर्षभर भैरोबा म्हशींच्या शेजारी राहिला. आरतीला लोक शेपट्या चुकवत उभे राहायचे.

पाटील म्हणाले, "सटवा, औंदा दम तुटला तर शिंगाचा मान खालच्या आळीला जाईल बघ."

तीन पिढ्यांचा मान होता तो. त्या दिवशी सटवाजीला भाकरी गोड लागली नाही.

पौषात तो ओढ्यापलीकडच्या गावात, सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी छाती तपासली आणि तीन गोळ्यांचं एक यंत्र त्याच्या हातात दिलं. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढायच्या. सटवाजीने जीव खाऊन ओढला. एक गोळी जराशी हलली आणि परत बसली.

"सटवाजी, धुराने फुप्फुसांची वाट लागलीये," बाई म्हणाल्या. "आजपासून विडीला हात लावायचा नाही."

"बरं बाई, तसंच करीन."

घरी येऊन त्याने चुलीजवळचा चिमटा घेतला. चिमट्याने विडी उचलली, चिमट्यानेच पेटवली, चिमट्यानेच तोंडात धरली. हात कुठेही लावला नाही. शेवटच्या झुरक्याला डावी मिशी जळाली.

हौसाबाई म्हणाली, "अवं, काय हे. पेटलेलं दिसलं की त्याच्यावर पाणी वतावं मानसानं."

"बरं, पुढच्या येळी तसंच करीन."

आणि केलंही तसंच. एक विडी पेटवली, पाणी ओतलं. दुसरी पेटवली, पाणी ओतलं. तीन दिवसांत घरातल्या सगळ्या विड्या भिजून गेल्या. दुकानदार म्हणाला, भिजवायला मी विड्या देत नाही. अशी सटवाजीची विडी सुटली. तो चिडचिड करायचा, दिवसभर गुळाचे खडे चघळायचा, पण विडी नाही म्हणजे नाही. हौसाबाईला फार बरं वाटलं. गोष्ट खरं तर इथेच संपायची, पण त्याच आठवड्यात पाटलांच्या नातवाचं बारसं निघालं.

अंगणात मोठी चूल धडधडत होती. तिच्यावर दोनशे माणसांचा भात. सटवाजीने पेटलेलं पाहिलं आणि दोन घागरी ओतल्या.

आचारी राखेने पांढरा झाला. डोळे पुसत म्हणाला, "आरं बाबा, निदान झाकन तरी लावायचं हुतं. वाफ कोंडली असती तर त्यावरच भात झाला असता. आतली वाफ कधी भाईर सोडायची नसती."

"बरं, पुढच्या येळी तसंच करीन."

पुढची वेळ आली ती दवाखान्यात.

बाई म्हणाल्या, "मोठा श्वास घ्या." त्याने घेतला. "आता सोडा." सटवाजी गप्प.

"अहो, सोडा श्वास."

त्याने मान हलवली. गाल फुगले, डोळे बटाट्याएवढे झाले, तोंड वांग्यासारखं जांभळं पडलं. शेवटी शिपायाने पाठीत धपाटा घातला, तेव्हा श्वास सुटला आणि मागोमाग खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

"बाई, विडी सोडली आन् खोकला वाढला," सटवाजी रडकुंडीला येऊन म्हणाला. "जत्रंत कसं व्हायचं माझं?"

"घाबरू नका. फुप्फुसांच्या नळ्यांत बारीक केसांचे झाडू असतात. विडीच्या धुराने ते निपचित पडले होते. आता उठून साठलेला केर बाहेर काढतायत. थोडे आठवडे चालेल हे. येतंय ते येऊ द्या, अडवू नका."

"बरं बाई, तसंच करीन."

इकडे भाताची भरपाई म्हणून पाटलांनी त्याला ज्वारीच्या राखणीला बसवलं. हातात गोफण, बसायला उंच माळा, खाली टपोरी कणसं. सकाळी पाखरं आली. सटवाजी म्हणाला, येतंय ते येऊ द्या. मग बकऱ्या आल्या. त्यांनाही अडवलं नाही. दुपारी धोंडीबाच्या म्हशी आल्या, तेव्हा तर त्याने उतरून बांधावरचा काटा बाजूला केला. देवाच्या शेजारणी, त्यांना काटा टोचायला नको.

संध्याकाळी रानात नुसती बिनकणसांची ताटं उभी होती. पाटलांचा आवाज बसला तरी ते बोलतच होते. "काम घेतलं की मधीच सोडायचं न्हाई. ज्यानं सांगितलं, त्यानं पुरं म्हटल्याबिगर थांबायचं न्हाई. कळलं?"

"बरं पाटील, पुढच्या येळी तसंच करीन."

मग दिवस गेले तसा खोकला कमी झाला आणि एका सकाळी आलाच नाही. देवळाच्या साठ पायऱ्या सटवाजी न थांबता चढायला लागला. त्याला भाकरीचा वास यायला लागला. जत्रेच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्याने यंत्रात श्वास ओढला, तर तिन्ही गोळ्या टपकन वर.

बाई हसल्या. "जिंकलात सटवाजी. उद्या मनसोक्त शिंग वाजवा."

"वाजवतो बाई."

दुसऱ्या दिवशी गोठ्यातून पालखी उठली. सटवाजीने शिंग तोंडाला लावलं आणि असा आवाज काढला, की म्हशींनी दावी तोडली. लोक गुलाल उधळायला लागले. हौसाबाई पदराने डोळे पुसत होती. अर्धी वाट गेली, दम तुटला नाही. पालखी वर्षाने देवळाशी आली. आठही भोयांनी टेकवायला गुडघे वाकवले.

शिंग वाजतच होतं.

"सटवा, पुरं," पाटील म्हणाले.

सटवाजीने शिंग क्षणभर बाजूला केलं. "तुमी कुटं सांगितलं हुतं, पाटील? बाईंनी सांगितलंय." आणि परत फुंकलं.

भोयांनी गुडघे सरळ केले. पालखी देवळावरून पुढे गेली, वेशीबाहेर पडली, ओढ्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात एक भोई विनवायला लागला, सटवाजी, पाया पडतो, थांब. सटवाजीने नुसतं पलीकडे बोट दाखवलं.

बाई दवाखान्याच्या ओसरीत एका पोराला सुई टोचत होत्या. दारात गुलालाने माखलेलं अख्खं गाव बघून त्या दचकल्या. "अहो सटवाजी, हे काय? पुरे, पुरे."

सटवाजी थांबला. पालखी टेकली, ओसरीतल्या वजनकाट्याशेजारी. त्या गावचे लोक नारळ घेऊन धावत आले. भैरोबा वर्षभरासाठी त्यांचा झाला.

पाटील पायरीवर डोकं धरून बसले. "सटवा, देव दुसऱ्या गावाला देऊन टाकलास रं."

"पर दम तुटला का, पाटील?"

दम तुटला नव्हता. त्यामुळे शिंगाचा मान काढून घेणं कोणालाच जमेना. सटवाजीला मात्र पाटलांची फार दया आली. तो म्हणाला, "जिवाला लावून घेऊ नगा. पुढच्या वर्सी परत वाजवतो की. बाई पुरं म्हनतील तिथं टेकवू."

तेव्हापासून आठही भोई दर रविवारी ओढा ओलांडून दवाखान्यात जातात, भैरोबापुढे नारळ फोडतात आणि हात जोडून एकच मागणं मागतात, बाईंची बदली होऊ देऊ नको.