बोटभर बुडणारं पान

फार मागे, तळी कधी आटत नसत तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या कासवाला पुन्हा एकदा, लहानपणी बसायचं तसं, कमळाच्या पानावर बसून ऊन खायचं होतं. त्यानं गोगलगाई खाणं सोडलं, रोज तळ्याला सात फेऱ्या घातल्या. अंगानं ते बरंच उतरलं, पण पान अजून बोटभर बुडतच होतं.

"आता काय सोडू?" त्यानं बेडकाला विचारलं.

बेडूक म्हणाला, "दादा, चरबी कधीच गेली. उरलंय ते तुझं कवच."

"ते उतरत नाही का रे?"

"उतरतं की. मेल्यावर."

कासव हसलं. त्या दिवशी ते पोटभर जेवलं. मग पानाखाली जाऊन त्यानं वर डोकं टेकवलं, आणि पानातून झिरपणारं हिरवं ऊन बघत ते तिथंच थांबलं.